चौथ्या दिवसाचं ताट

"सर, ताट जरा खाली धरा की. माझा हात पोचंना."

यमुनाक्का म्हणाली म्हणून मी वाकलो. उजव्या हातात आरतीचं ताट, आणि निरांजन विझू नये म्हणून डाव्या हाताचा आडोसा. सभामंडपात टाळ्या आणि झांजा अशा रंगात आल्या होत्या की शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. तिनं ज्योतीवरून तळवे फिरवून तोंडावरून ओढले, मग पदराखालची मूठ बाहेर काढली आणि ताटातल्या झेंडूंच्या खाली काहीतरी सारलं. नाणं पडल्यासारखं वाजलं नाही, नोट पडल्यासारखं तरंगलं नाही. फुलं मात्र एका बाजूला उचलली गेली. बघतो तर लुगड्याच्या काठाची चिंधी, घट्ट गाठ मारलेली, चांगली अंगठ्याएवढी जाड.

"अक्का, हे काय?"

"गणपतीचं हाय. हला म्होरं, मागच्या बाया खोळंबल्यात."

मी पुढे हललो.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. कृष्णाकाठच्या आमच्या गावात गणपतीच्या देवळाला लागून कीर्तनसभा आहे. माघात तिथं सात दिवस उत्सव असतो आणि रोज संध्याकाळी पाच ते सात कीर्तन. मी तेव्हा हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि सभेचा खजिनदार होतो. खजिनदार म्हणजे सतरंज्या झाडण्यापासून बिदागीचं पाकीट भरण्यापर्यंत सगळं. मला त्याचं ओझं कधी वाटलं नाही. पेटीवाल्यानं स्वर धरला, तबलजीनं हातोडीनं तबला ठोकून जुळवून घेतला आणि नमनाचे शब्द सुरू झाले की माझं शाळेतलं, घरातलं, सगळं कुठल्या कुठे जायचं. कपाळाला बुक्का लागला की डोळे भरायचे. आजही भरतात. फक्त आता ते का भरतात हे मला नक्की सांगता येत नाही.

त्या वर्षी कीर्तनाला वत्सलाताई निजसुरे आल्या होत्या. सत्तरीची बाई, नऊवारी, खांद्यावर जरीकाठी उपरणं, हातात चिपळ्या. आवाज कसा, तर पहाटे देवळाची घंटा वाजते ना, तसा लांबवर जाणारा. आणि जिभेवर धार. "मागची मंडळी डुलताहेत ती भक्तीनं की दुपारच्या जेवणानं?" असं विचारायच्या आणि लगेच पद उचलायच्या. लोक हसता हसता टाळ्यांवर यायचे.

यमुनाक्का एस.टी. स्टँडाजवळच्या खानावळीत चपात्या करायची. दिवसाला अडीचशे-तीनशे. साडेचारला तवा उतरवायची आणि तशीच कीर्तनाला यायची. मनगटावर वाळलेलं पीठ तसंच असायचं. बायकांच्या बाजूचा तिसरा खांब तिचा. बारा वर्षांत मी तो खांब तिच्याशिवाय बघितला नव्हता. पावसाळ्यातल्या एकादशीच्या कीर्तनाला नेमकं तिथंच पाणी गळायचं, तर ती डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून बसायची, पण खांब सोडायची नाही.

त्या गळतीसाठीच त्या वर्षी आरतीच्या ताटातले पैसे जमा करत होतो. याच मंडपात आमचे कीर्तनाचे मोफत वर्ग चालायचे, वाचनालय चालायचं. त्याच्यावर नवे पत्रे घालायचे होते.

चौथा दिवस गणेशजयंतीचा. गर्दी झाली होती. लोक पांगल्यावर अध्यक्ष काशिनाथपंत आणि मी सतरंजीवर ताट उपडं केलं. पंत ऐंशीला टेकलेले, पैसे मोजताना ओठ हलवायचे. चिंधीची गाठ मी दातांनी सोडवली. आत पाचशेच्या दहा नोटा. घड्यांमध्ये पीठ.

"पाच हजार! कुणाचे हो, सर?" पंतांनी चष्मा वर केला.

"नाव नाही," मी म्हणालो.

तेव्हा मनात काही खोट नव्हती. पदराखालून दिलं म्हणजे तिला ते गुप्त ठेवायचं असेल, एवढंच वाटलं.

एकूण भरले तेवीस हजार सहाशे चाळीस. एका दिवसाची एवढी आरती सभेनं कधी बघितली नव्हती. देवळाच्या दारात एक फळा असायचा. त्यावर रोजच्या आरतीची रक्कम मी खडूनं एकाखाली एक लिहायचो, म्हणजे गावाला कळावं. त्या दिवशी मी तो आकडा जरा मोठाच काढला.

"पावतीचं तेवढं तुम्ही बघा," पंत काठी टेकत उठले. "हिशेबतपासनीस काय म्हणाले होते, आठवतंय ना? नावाशिवायची रक्कम नको. पावतीवर कुणाचं तरी नाव पाहिजे. आता गणपतीच्या ताटात कुणी टाकलं ते काय गणपती सांगणारे?"

आमच्या सभेला आयकराची ऐंशी-जी सवलत होती. वर्ग आणि वाचनालय असल्यामुळे ती मिळाली होती. म्हणजे सभेला देणगी देणाऱ्याला तिच्यातल्या निम्म्या रकमेवर कर माफ. तेव्हापासून तपासनीस कागदपत्रांच्या बाबतीत कडक झाले होते.

पंत गेले. मंडपात मी एकटा. पावतीपुस्तक उघडलं, कार्बन घातला. कुणाच्या नावावर फाडायची? 'समस्त भाविक' लिहिलं तर तपासनीस परत पाठवणार. शंभर माणसांच्या शंभर पावत्या कुठून आणणार? मी माझं नाव लिहिलं. दिगंबर महादेव ओगले. रुपये तेवीस हजार सहाशे चाळीस फक्त. पैसे सभेच्याच पेटीत जाणार होते. एक पैसा इकडचा तिकडे होणार नव्हता. मी सही केली. देणाऱ्याची मूळ पावती फाडून खिशात ठेवली आणि घरी गेलो.

इथपर्यंत मी कुणालाही तोंड दाखवू शकलो असतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. ऑफिसात आमचे कारकून धुमाळ भाऊसाहेब सगळ्यांच्या कराचे कागद घेऊन बसले होते. त्या वर्षी सहाव्या वेतन आयोगाचा फरक हातात आला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्यासारख्यांना झणझणीत कर बसला होता. स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता.

"ओगले सर, तुमचा विमा झाला, फंड झाला. आणखी काही? देणगीबिणगी? नाहीतर फेब्रुवारीचा पगार विसरा," धुमाळ म्हणाले.

खरं सांगतो, पावती खिशात आहे हे मला त्या क्षणी आठवलं. आदल्या रात्री लिहिताना हे डोक्यात नव्हतं. म्हणजे नसावं. मी हात खिशात घातला आणि पावती टेबलावर ठेवली.

धुमाळांनी ती उजेडाकडे धरली. "अहो, तेवीस हजार? सर, कीर्तनाला एवढं देता आणि चहा मात्र आमच्या पैशानं पिता!"

सगळे हसले. मीही हसलो.

"असू दे हो," मी म्हणालो.

"असू दे काय! निम्मी वजावट, अकरा हजार आठशे वीस. त्याच्यावर..." त्यांनी कॅल्क्युलेटर दाबला. "दोन हजार चारशे पस्तीस रुपये वाचले तुमचे. देवानं जागच्या जागी प्रसाद दिला."

पावती टाचणीला लागली आणि फाइलीत गेली. दोन हजार चारशे पस्तीस. मी रस्त्यानं सायकल मारत हेच मनाशी म्हणत होतो की, यात गेलं कुणाचं? सभेचं गेलं नाही, भाविकांचं गेलं नाही. ज्यांनी ताटात टाकलं त्यांना कुठे कर भरायचा असतो?

रविवारी चारच्या सुमाराला मी मंडपात सतरंज्या अंथरत होतो. वळून बघितलं तर यमुनाक्का खांबाला धरून उभी. एवढ्या लवकर ती कधी येत नसे.

"आज खानावळ बंद?"

"न्हाय. सांगून आले." ती पुढे आली, मग परत मागे सरली. "सर, एक इचारू? त्या ताटात टाकल्यालं असतं न्हवं, त्याची चिठ्ठी गावती का?"

"कसली चिठ्ठी?"

"पावती ओ. मी ते पाच हजार टाकलं न्हाईत का. चपात्यांचं साठवल्यालं, ट्रंकंत ठेवलं हुतं. काल सुनंनं ट्रंक बघितली. म्हणती, म्हातारीनं लेकीला दिलं. मालनला, इचलकरंजीला. मी म्हटलं, बाई, देवाला दिलं. कोण ऐकतंय! संपतनं तिथनंच बहिणीला फोन लावला. नको नको ते बोलला. ती पोर रडाय लागली, मला म्हाईत न्हाई, मला म्हाईत न्हाई..." यमुनाक्कानं पदर तोंडाला लावला. "शेवटाला म्हणाला, देवळात टाकलं तर देऊळ पावती देतंय. पावती दाव, न्हाईतर मालननं या घराची पायरी चढायची न्हाई."

माझ्या हातातल्या सतरंजीचं टोक तसंच राहिलं.

"एवढं टाकायचं कशाला, अक्का?" मी विचारलं. मला वेळ हवा होता.

"बारा वर्सं फुकाट ऐकलं की, सर."

करण्यासारखं कितीतरी होतं. सोमवारी शाळेत जाऊन पावती परत मागता आली असती. रद्द करून दोन फाडता आल्या असत्या. नुसतं उठून संपतच्या दारात जाऊन सांगता आलं असतं की तुझ्या आईचा हात मी डोळ्यांनी बघितला. पण मला धुमाळांचा चेहरा दिसला. "का हो सर, परत का नेताय?" मग काय सांगायचं?

आणि मग मी जे बोललो ते शब्द जसेच्या तसे आठवतात. कीर्तनं ऐकून ऐकून मला ती भाषा छान येत होती.

"अक्का, ताटातल्याला पावती नसते. ते गुप्तदान. पदराखालून दिलंत ना तुम्ही? आता त्याचा कागद मागितला की मग ते देवाला पोचत नाही बघा. माणसाला दाखवण्यासाठी दिल्यासारखं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही कानांच्या पाळ्या चिमटीत धरल्या.

"व्हय की. चुकलं माझं. अडाणी मी, सर." गणपतीकडे वळून तिनं हात जोडले, "पोटात घाल रं बाबा," म्हणाली आणि आपल्या खांबापाशी जाऊन बसली. कीर्तनाला अजून तासभर होता. ती तशीच बसून राहिली. मी सतरंज्या अंथरल्या.

त्या दिवशी वत्सलाताईंनी नावाड्याचा दृष्टांत सांगितला. एक नावाडी पुरात माणसं या काठावरून त्या काठाला पोचवायचा, नाव न सांगता. पलीकडच्या काठावर एक शहाणा बसलेला असायचा. उतरणाऱ्याचा हात धरून, "या, आलात ना सुखरूप?" एवढंच म्हणायचा. गाव त्या शहाण्याच्या पाया पडायचं. लोक खूप हसले. मी झांजा वाजवत होतो. माझी झांज दोनदा चुकली आणि पेटीवाल्यानं वळून बघितलं.

सोमवारी सातवा दिवस, काल्याचं कीर्तन. दही, लाह्या, पोह्यांची हंडी बांधलेली. पाय ठेवायला जागा नव्हती. माझी पत्नी शालिनीसुद्धा आली होती, एरवी ती यायची नाही. कीर्तन संपत आलं तेव्हा पंतांनी वत्सलाताईंच्या हातात एक कागद दिला. उत्सवाच्या देणगीदारांची नावं. पंतांनी ती दुपारी पावतीपुस्तकातून स्वतः उतरवून काढली होती. मला विचारलं नव्हतं. मी सतरंज्या अंथरत असणार.

ताई वाचू लागल्या. एकशे एक, पाचशे एक, एक हजार एक. प्रत्येक नावाला टाळी. मग त्या थांबल्या. कागद लांब धरून परत बघितला.

"दिगंबर महादेव ओगले. तेवीस हजार सहाशे चाळीस!"

मागच्या रांगेतले लोक माना उंचावून बघू लागले.

"कुठे आहेत? हे आमचे झांजवाले सर? मंडळी, सात दिवस हा माणूस माझ्या मागे उभा आहे. माझ्यासाठी पाणी आणलं, सतरंज्या झाडल्या. एका शब्दानं बोलला नाही हो! गावाला सांगत सुटणारे पुष्कळ. हा बोलला नाही!" कीर्तनकाराच्या गळ्यात पूर्वरंग संपल्यावर जो हार घालतात, तो त्यांनी स्वतःच्या गळ्यातून काढला. आमच्या सभेत तो मान मी कुणाला मिळालेला बघितला नव्हता. "या, असे पुढे या."

"ताई, ते तसं नाही..." मी म्हणालो. म्हणालो खरा, पण लोकांनी गणपतीचा जयजयकार सुरू केला आणि त्यात ते बुडालं. बुडू दिलं म्हणा. ओला, जड हार गळ्यात पडला. वत्सलाताईंनी, त्या सत्तर वर्षांच्या बाईनं, मला नमस्कार केला. काशिनाथपंत पहिल्या रांगेत डोळे पुसत होते. "बोलला नाहीत हो, आम्हालासुद्धा बोलला नाहीत!" तो आकडा त्यांनीच तीन दिवसांपूर्वी माझ्यासोबत मोजला होता आणि ते विसरले होते.

माझी नजर तिसऱ्या खांबाकडे गेली. यमुनाक्का तिथं नव्हती. ती दारात उभी होती, फळ्यापाशी, मान वर करून.

तिला अक्षरं येत नव्हती. आकडे येत होते. रोज चपात्या मोजून द्यायच्या असत.

काला वाटून झाला. लोक मला भेटायला येत होते, कुणी पाठीवर थाप, कुणी हात हातात. त्या गर्दीतून ती वाट काढत आली. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर बोलणार.

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, आकडा त्योच हाय न्हवं? चौथ्या दिसाच्या ताटाचा?"

मी हाराची फुलं सारखी करू लागलो.

"फळ्यावर बघून आले. त्योच हाय." आणि तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "म्हंजी माझं पाच हजार तुमच्या चिठ्ठीत हाईत! मग बरं झालं की. तुमच्या नावाची का असंना, एक दिस द्या मला ती. संपतला दावते आणि आणून देते. त्याला म्हणते, सरांनी समद्यांचं मिळून एका कागदावर लिवलंय. तुमच्या शब्दाला न्हाई म्हणायचा न्हाई त्यो."

"ती... ती माझ्याकडे नाही, अक्का. शाळेत आहे."

"शाळंत? शाळंत कशाला?"

गळ्यातला हार मानेला टोचत होता. दोऱ्यात कुठेतरी तार असावी.

तिनं माझ्याकडे बघितलं, हाराकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड, कुणी वात खाली ओढावी तसा, हळूहळू कमी झाला. "बरं," एवढंच म्हणाली.

रात्री जेवताना शालिनीनं विचारलं, "तेवीस हजार कुठून आणलेत? मला मिक्सर घ्यायला दोन हजार नव्हते."

"सभेचा हिशेब असतो तो. तुला नाही कळायचा."

तिनं आमटी वाढली आणि आत गेली.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी बँकेत गेलो आणि स्वतःच्या खात्यातले पाच हजार काढले. शाळा सुटल्यावर ते सभेच्या पेटीत भरले आणि नवी पावती फाडली. यमुना धोंडिराम लोहार. रुपये पाच हजार फक्त. मला वाटलं, सुटलो. पहिली पावती फाइलीतून काढायलाच नको. माझे पाच हजार गेले, म्हणजे प्रायश्चित्तही झालं. सायकलवरून तिच्या घराकडे जाताना मी चक्क गुणगुणत होतो.

संपतचं वेल्डिंगचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. मला बघून त्यानं काच वर केली, हात पुसले, खुर्ची झटकली. "या या, सर! काल गावात तुमचंच नाव. अगं, चहा ठेव!" आत यमुनाक्का चुलीपाशी बसलेली दिसली. सून पातेलं घेऊन वळली.

मी पावती त्याच्या हातात दिली. "तुझ्या आईनं सभेला दिले होते ते पाच हजार. पावती द्यायची राहून गेली होती."

त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला. मग हसला. रागानं नाही, अगदी प्रेमानं हसला.

"सर, ताट फिरलं शुक्रवारी. चिठ्ठी आजची, मंगळवारची."

"राहून गेली म्हटलं ना."

"शाई सुदिक वाळली न्हाई, सर." त्यानं पावती घडी घालून माझ्या खिशात परत ठेवली. "देवमाणूस तुम्ही. काल तेवीस हजार दिलं, आज माझ्या आईला झाकायला पदरचं पाच घालून आला. ए आई, बघ! सर तुझ्यासाठी खोटं बोलाय लागलं. एवढ्या मोठ्या माणसाला खोटं बोलाय लावलंस तू! मालनला दिलं म्हणून सरळ कबूल व्हायचं हुतं की."

"संपत, ऐक. मी स्वतः बघितलं..."

"बघितलं तर परवाच्या दिवशी आई इचारायला आली तवा का न्हाई दिली पावती? तवा तर म्हणाला, ताटातल्याला पावती नसती. आईनंच सांगितलं." तो मला पकडत नव्हता. आईला पकडत होता. "हां सर? असती का नसती?"

एका वाक्याचं काम होतं. ते चौथ्या दिवसाचं ताट होतं, ते माझे पैसे नव्हते, तुझ्या आईचे पाच हजार माझ्या नावावर आहेत आणि त्याच्यावर मी कर वाचवलाय. एवढंच. सून कप घेऊन उंबऱ्यावर थांबली होती. चुलीपाशी यमुनाक्कानं मान वर केली होती आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं, पावती शाळेत का गेली तेवढं सोडून. तेसुद्धा तिला तोवर उमगलं असेल.

मी तोंड उघडलं. किती वेळ उघडं होतं, देव जाणे.

"चा घ्या, सर," यमुनाक्का म्हणाली. "निवंल."

मी चहा घेतला. आल्याचा होता. बशीत ओतून सगळा प्यालो, कप खाली ठेवला, आणि उठलो. संपत रस्त्यापर्यंत सोडायला आला.

मार्चअखेर कराची कपात कमी होऊन पगार आला. वाचलेल्या दोन हजार चारशे पस्तीस रुपयांत मिक्सर घेतला. पावसाळ्याच्या आत मंडपावर निळे पत्रे चढले. मालन त्या नागपंचमीला माहेरी आली नाही, दिवाळीलाही नाही. भावाबहिणीचं तुटलं ते तुटलंच. यमुनाक्का गेली तेव्हा सुद्धा मालन थेट घाटावर आली आणि तिथूनच परत गेली. मी तिथं होतो. लोकांनी मला पुढे बोलावलं आणि चार शब्द बोलायला सांगितले. मी घसा बसलाय म्हणालो.

पण यमुनाक्का त्यानंतर कीर्तनाला आली की नाही, हे सांगायचं राहिलं.

आली. दुसऱ्या वर्षीच्या माघात, गणेशजयंतीलाच. तिसऱ्या खांबापाशी, वर नवे पत्रे. मधल्या काळात आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. ती दिसली की मी सायकल दुसऱ्या गल्लीत घालायचो. आरती सुरू झाली. ताट दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावं असं मी सकाळपासून घोकत होतो, पण पंतांनी तबकात निरांजन लावून माझ्याच हातात दिलं. "तुमच्याशिवाय कोण?"

मी फिरत फिरत तिच्यापुढे आलो. या वेळी तिनं सांगण्याआधीच वाकलो. तिनं ज्योतीवरून तळवे फिरवले, तोंडावरून ओढले. मनगटावर पीठ होतं. मग पदराखालून मूठ काढली आणि झेंडूंच्या खाली एक रुपयाचं नाणं सारलं. वाजू न देता, हळूच.

आणि मान वर करून माझ्याकडे बघत, झांजांच्या गजरात मला एकट्याला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "पावती नको बरं का, सर. गुप्त हाय."

तिनं ते रागानं म्हटलं, की हसून, की खरंच माझ्या त्या दिवशीच्या शिकवणीवर विश्वास ठेवून, हे मला आजवर कळलेलं नाही. मी तसाच वाकून उभा होतो. ज्योत माझ्या श्वासानं हलत होती.

"हला म्होरं," ती म्हणाली. "मागच्या बाया खोळंबल्यात."